पायीची वहाण

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की तुळशीवृंदावनापाशी उभे राहून डाव्या पायाखाली कारीट चिरडायचे, ही आमच्या कोकणातली जुनी चाल. ते कडूजहर फळ म्हणजे नरकासुर, एवढेच लहानपणी आजीने सांगितलेले. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी त्या नरकासुरावर टाच रोवली मात्र, आणि फटाक्यांना मागे सारील अशी आरोळी ठोकली. अंगणातल्या पोरांना वाटले, काका यंदा नरकासुराचे सोंग छान वठवताहेत! प्रत्यक्षात नरकासुर शाबूत होता. घायाळ झालो होतो तो मी.

खरे पाहता टाच दोन महिने तक्रार करीतच होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकले की कुणी तरी खालून दाभण खुपसावे तशी कळ निघे. भिंत धरून दहा-वीस पावले टाकली की कळ ओसरे आणि मी ती विसरून जाई. आमचा पेशा उभ्याने बोलण्याचा. वर्गात सिमेंटचे व्यासपीठ, पायांत पातळ सोलाचे जुने बूट, आणि दिवसाकाठी तीन-चार तास. संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसावे आणि पाणी प्यायला उठावे, तो पुन्हा तेच दाभण.

पण टाच दुखते म्हणून कुणी रजा काढतो का? डोके दुखले तर घरची माणसे चहा करून देतात. टाच दुखली तर 'चालून चालून मोकळी होईल' असे सांगतात. पायांच्या वाट्याला आपल्याकडे उपेक्षाच फार. भाषा शिकवणारा माणूस असल्यामुळे ही गोष्ट मला अधिक जाणवते. 'पायीची वहाण पायीच बरी' असे आपण म्हणतो ते कमी लेखण्यासाठीच. त्या बिचाऱ्या वहाणेची आणि ती ज्या पायात असते त्या पायाची चौकशी करावी असे म्हण रचणाऱ्याच्या मनात आलेले दिसत नाही. माझ्याही आले नव्हते. गेल्या तीन वर्षांत बुटाच्या आत घालायच्या चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पट्टीने, जिला बाजारात इनसोल म्हणतात, मला पुष्कळ शिकवले. त्यातला एक धडा फार महाग पडला. आणि त्याची किंमत मी मोजली नाही, माझ्या थोरल्या बहिणीने मोजली. तो धडा दुसऱ्या कुणाच्या घरी गिरवला जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

टाचेखालची दोरी

आरंभी घरगुती उपाय झाले. 'हाड वाढलंय' असे निदान शेजाऱ्यांनी न पाहताच केले. रुईचे पान तापल्या विटेवर ठेवून शेक घेतला. शेकाने बरे वाटे, पण सकाळ झाली की दाभण हजर. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने एके ठिकाणी दाबले. मी पुन्हा नरकासुराचे सोंग वठवले, आणि निदान झाले. त्यांनी सांगितलेले लॅटिन नाव प्लांटार फॅशायटिस.

आपल्या एका पायाच्या पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्तच! ही हाडे सपाट मांडलेली नसून त्यांची कमान केलेली असते. तळव्याच्या आतल्या बाजूला जी पोकळी दिसते ती या कमानीची. कमान म्हटली की दगडी पूल आठवतो. पण पायाची कमान पुलापेक्षा धनुष्याला जवळची, कारण तिला दोरी आहे. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा चिवट तंतूंचा एक पट्टा तळव्याच्या कातडीखाली ताणलेला असतो. पाऊल उचलताना बोटे वर वळली की हा पट्टा चवड्याभोवती गुंडाळला जाऊन ताठ होतो आणि कमान उंचावते. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला जावा, तसाच प्रकार. हिक्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५४ साली हे वर्णन करताना रहाटासारख्याच यंत्राची उपमा दिली होती.

ही दोरी टाचेच्या हाडाला जिथे बांधलेली असते, तिथे वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने ती झिजते, दुखरी होते. रात्रभर झोपेत पावले खाली झुकलेली असतात, दोरी आखडून बसते. सकाळी पहिल्या पावलासरशी अंगाचा सारा भार पडून ती एकदम ताणली जाते. पहिल्या पावलाच्या कळेचे रहस्य ते हे. चाळिशी ते साठी हे या दुखण्याचे आवडते वय. वाढलेले वजन, कठीण जमिनीवर तासन् तास उभे राहणे, आखडलेल्या पोटऱ्या, फार सपाट किंवा फार उंच कमान ही त्याची कारणे. शिक्षक, परिचारिका, वाहतूक पोलीस, दुकानातले विक्रेते आणि ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या गृहिणी ही त्याची हक्काची मंडळी.

आणि 'वाढलेले हाड'? एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला काटा दिसतो खरा. पण तो टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांतही दिसतो. तेव्हा काटा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. हे दुखणे चिवट असले तरी दहांतली आठ-नऊ माणसे शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात बरी होतात, असे डॉक्टरांनी सांगितले आणि मला धीर आला. ते वर्ष मात्र काढायचे कसे? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : पोटरीचा आणि तळव्याचा व्यायाम, बरे बूट, आणि बुटात आधाराची पट्टी. व्यायामाला मेहनत पडते, म्हणून मी पट्टीपासून आरंभ केला. आपण सगळे तेच करतो.

खणातला पट्ट्यांचा संग्रह

आमच्या घरी एका खणात आज पट्ट्यांचे चार जोड आहेत. ते माझ्या शहाणपणाच्या पायऱ्या आहेत, असे म्हणा ना.

पहिला जोड सिलिकोनचा, निळा, लुसलुशीत. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिला तर लोण्यात बोट रुतावे तसा रुतला, आणि मी भाळलो. बुटात होती ती पट्टी न काढता तिच्यावरच तो ठेवला. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवसापासून बोटांना बूट आवळू लागला आणि टाच पहिल्यासारखीच दुखू लागली.

दुसरा जोड अधिक महागाचा. त्यात लोहचुंबकाचे बारीक तुकडे बसवलेले आणि वर टोचणारे उंचवटे. त्याच्या वेष्टनावर रक्ताभिसरणाबद्दल इतके लिहिले होते की प्रबंध वाटावा. चुंबकाच्या पट्ट्यांची परीक्षा अमेरिकेत १०१ माणसांवर घेतली गेली आणि २००३ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, हे मला नंतर कळले. अर्ध्यांना खरे चुंबक, अर्ध्यांना नुसते दिसायला तसेच. दोन्ही गटांना सारखाच उतार पडला. म्हणजे चुंबकाने ओढले ते फक्त माझ्या खिशातले पैसे!

तिसरा जोड कडक प्लास्टिकचा, उंच कमानीचा. 'आधार म्हणजे आधार' अशा निर्धाराने मी पहिल्याच दिवशी तो घालून सहा तास काढले, आणि संध्याकाळी टाचेबरोबर कमान, घोटा व गुडघा हेही दुखू लागले.

कॉलेजच्या फाटकाबाहेर एका वृद्ध गटई कामगारांची टपरी आहे. बुटाची उसवलेली शिवण घालायला म्हणून गेलो तेव्हा सहज हे तिन्ही जोड त्यांना दाखवले. त्यांनी निळी पट्टी बोटात धरून घडी घातली, पिळली आणि मला परत दिली. म्हणाले, "सर, ही गादी झाली. तुम्हाला टेका पाहिजे. खाटेची दोरी सैल झाली तर गादी बदलून काय होणार?"

"मग ही कडक?" मी विचारले.

"ही टेका आहे, पण तुमच्या पायाचा नाही. हिचा उंचवटा बघा, तुमच्या कमानीच्या पुढे येतोय. चुकीच्या जागी लावलेला टेका भिंत पाडतो." एवढे बोलून त्यांनी माझ्या बुटाचा सोल उलटा करून दाखवला. आतल्या बाजूने तो साफ झिजला होता. "आणि सर, मुळात बूटच संपलाय. त्यात सोन्याची पट्टी घातली तरी काय?"

एम. ए.ला अलंकारशास्त्र शिकलो, पण इतक्या अचूक उपमा मला वर्गात कधी सुचल्या नाहीत. रापी आणि आरी घेऊन जन्मभर लोकांच्या पायांशी बसलेल्या माणसाने पाय वाचायची विद्या कमावलेली असते. चौथा जोड मी त्यांच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतला, आणि तोच कामी आला.

पट्टी कशी पारखावी

आता निवडीचे नियम सांगतो. आधी आपला पाय ओळखावा. लक्ष्मीपूजनाला घरातल्या बायका मुठीच्या कडेचा ठसा उमटवून वर बोटांचे ठिपके देतात आणि लक्ष्मीचे इवलेसे पाऊल तयार होते. त्याला आतून सुरेख खोबण असते. ती खोबण म्हणजेच कमान. आपण न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर येऊन कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहावे आणि बाजूला होऊन ठसा पाहावा. आतल्या बाजूला मध्यम खोबण दिसली तर कमान साधारण; खोबण जवळजवळ नाहीच आणि तळवा भाकरीसारखा भरीव उमटला तर पाय सपाट; टाच आणि चवडा यांना जोडणारी चिंचोळी पट्टी दिसली, किंवा तीही दिसली नाही, तर कमान उंच. ही परीक्षा ढोबळ आहे, पण दुकानात जाण्यापूर्वी पुरेशी आहे. सपाट पाय दुखत नसेल तर त्याला उपचाराची गरज नसते, हेही इथेच सांगून ठेवतो.

मग हेतू ओळखावा. पट्ट्यांचे मुख्य प्रकार दोन. मऊ पट्टी धक्का शोषते. उंच कमानीच्या ताठ पायाला किंवा उतारवयात टाचेखालची चरबी पातळ झालेल्यांना ती सुखावह. अर्धवट कडक पट्टी कमानीला आधार देते; सपाट किंवा आत कलणाऱ्या पायाला आणि माझ्यासारख्या दोरीच्या दुखण्याला ती उपयोगी. तिच्या कमानीवर अंगठ्याने जोर द्यावा : थोडी लवून पुन्हा वर आली तर ठीक, पार बसली तर ती गादी, तसूभरही लवली नाही तर सवय नसलेल्या पायाला ती जाचणार. टाचेची जागा वाटीसारखी खोलगट असावी, म्हणजे टाचेखालची नैसर्गिक गादी चहूबाजूंनी पसरून न जाता एकत्र राहते. पट्टीवर उभे राहिल्यावर तिचा उंचवटा आपल्या कमानीच्या उंचवट्याखाली आला पाहिजे. बुटाचा नंबर एकच असला तरी दोन माणसांच्या कमानीची लांबी निराळी असते, म्हणून केवळ नंबर पाहून पट्टी घेऊ नये. चवडा दुखणाऱ्यांसाठी एक छोटी घुमटाकार गादी मिळते; ती दुखऱ्या जागेखाली नसून तिच्या किंचित मागे, टाचेच्या दिशेला लावायची असते. पुष्कळ जण ती नेमकी दुखण्याखाली ठेवतात आणि दुखणे वाढवून घेतात.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. ज्या बुटात पट्टी घालायची तो बूट बरोबर न्यावा. बुटातली मूळची पट्टी काढून तिच्या जागी नवी घालावी. निघत नसेल तर तो बूट या कामाचा नाही. पट्टी घातल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे आणि टाच मागून निसटता कामा नये. दोन पायांत एक मोठा असतोच. माप त्याचे धरावे.

बूटही पारखावा. त्याची दोन टोके धरून ओल्या पंचासारखे पिळून पाहावे. सहज पिळला गेला तर तो टाकाऊ. बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यावर घडी पडू नये. नवी पट्टी पहिल्या दिवशी तासभरच घालावी आणि रोज थोडा वेळ वाढवीत आठ-पंधरा दिवसांत पूर्ण दिवसावर यावे. फोड आला, मुंग्या आल्या, गुडघा किंवा कंबर धरली तर ती काढून ठेवावी. पट्टी दबून सपाट झाली की तिची सेवा संपली. रोजच्या वापरात हे सहसा सहा महिने ते वर्षभरात घडते.

मापाची की तयार?

पायाचा साचा घेऊन खास करून दिलेल्या पट्ट्या तयार पट्ट्यांच्या कित्येक पट महाग असतात. त्या अधिक गुणकारी असतील असे कुणालाही वाटेल. पण १९९९ साली अमेरिकेत १५ ठिकाणी मिळून २३६ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल उलटा लागला. सर्वांना व्यायाम दिला होता. काहींना त्याशिवाय निरनिराळ्या पट्ट्या. आठ आठवड्यांनी सिलिकोनची साधी तयार पट्टी वापरणाऱ्या ९५ टक्के लोकांना उतार पडला, नुसता व्यायाम करणाऱ्या ७२ टक्क्यांना, आणि मापाची खास पट्टी घालणाऱ्या ६८ टक्क्यांना! माझ्या निळ्या पट्टीचा मी उगाच उपहास केला, असे यावरून कुणी म्हणेल. ते कबूल आहे; पण त्या लोकांनी पट्टीबरोबर व्यायाम केला होता आणि मी तो केला नव्हता. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियात १३५ जणांवर वर्षभर झालेल्या प्रयोगात तयार आणि मापाची पट्टी सारख्याच ठरल्या : पहिल्या तीन महिन्यांत थोडा फायदा, आणि वर्षाअखेर नकली पट्टी घालणारेही बरोबरीला आलेले.

यावरून माझ्यापुरते तात्पर्य असे काढले, की पट्टी ही कुबडी आहे. कठीण काळ ओलांडायला ती मदत करते. पाय बरा करते ती पायाची स्वतःची ताकद. म्हणून साध्या दुखण्याला आधी बऱ्यापैकी तयार पट्टी घ्यावी. पायाची ठेवणच वेडीवाकडी असेल, मधुमेह किंवा संधिवात असेल, तर मात्र तज्ज्ञाकडून मापाचीच करून घ्यावी.

व्यायाम सोपा आहे. सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणातच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे धरून नडगीच्या दिशेने ओढावीत, दहा अंक मोजेपर्यंत धरावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे ठेवून पोटरी ताणावी. कळ कमी झाल्यावर पायरीवर चवड्यावर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाचा सावकाश वर-खाली कराव्यात. आणि आपल्याकडची एक खास अडचण लक्षात ठेवावी : आपण जोडे उंबऱ्याबाहेर काढतो. बुटातली पट्टी बाहेरच राहते आणि आपण घरात कठीण फरशीवर अनवाणी फिरतो. घरात घालायच्या वेगळ्या सपाता, कमानीला उठाव असलेल्या, पलंगाशीच ठेवाव्यात. मी तसे केले आणि सात महिन्यांनी माझी टाच गप्प झाली.

मुलांच्या बाबतीत मात्र घाई नको. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात आणि वाढीबरोबर बहुतेकांची कमान आपोआप तयार होते. आपल्या शेजारच्या कर्नाटकात राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांचे ठसे तपासून १९९२ साली प्रसिद्ध केले. पादत्राणे घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के निघाले आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. सगळ्यांत जास्त आढळले ते बंद बूट घालणाऱ्यांत. तेव्हा नातवंडे अंगणातल्या मातीत अनवाणी बागडत असली तर आजोबांनी ओरडू नये!

अक्काचे बोट

आता त्या महागड्या धड्याकडे येतो.

माझी अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला शाळेत पोचवायला तीच येई. तिला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत. माझा संग्रह वाढत असताना ती आमच्याकडे आली होती, खणातली ती निळी पट्टी दाबून म्हणाली, "किती मऊ आहे रे!" मी उदारपणे तो जोड तिला देऊन टाकला. जुन्या बुटात जुन्या पट्टीवरच तो घातला. मला आवळला होता तसा तिलाही बूट आवळला असणार. फरक एवढाच, की मला ते कळले आणि तिला कळले नाही.

वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने पायांच्या संवेदना मंद होतात. चालताना बुटाची कड तिच्या करंगळीवर घासत राहिली, फोड आला, फुटला, चिघळला. मोज्याला डाग दिसला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. पुढचे सांगवत नाही. दीड महिना मलमपट्टी झाली आणि शेवटी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. दवाखान्यात मी मान खाली घालून बसलो होतो. ती म्हणाली, "दुखलंच नाही रे. दुखलं असतं तर काढून नसते का टाकले?"

या एका वाक्यात जे आहे ते डॉ. पॉल ब्रँड यांनी जन्मभर सांगितले. १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने 'गळून पडतात' असा तोवर समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे आपोआप गळत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे जखमा होतात, त्यांकडे दुर्लक्ष होते आणि अवयव झिजतात. त्यांच्याच आयुष्यातला एक प्रसंग आहे. इंग्लंडमध्ये प्रवासानंतर रात्री मोजे काढताना त्यांना आपल्या टाचेला संवेदना नसल्याचे जाणवले. टाचणी टोचून पाहिली, कळले नाही. आपल्याला कुष्ठरोग झाला या समजाने त्यांनी रात्र तळमळत काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि कळ मस्तकात गेली! प्रवासात अवघडून बसल्याने नस दबली होती, एवढेच. त्या कळेइतका आनंद त्यांना क्वचितच झाला असेल. वेदना ही देणगी आहे, असे ते पुढे सांगत.

वेल्लोरला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बधिर पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची पादत्राणे प्रचारात आणली. एम. सी. आर. या आद्याक्षरांनी ती ओळखली जातात. आत दाब पसरवणारे मऊ रबर, खाली काटा न शिरणारा कडक सोल, मागे टाचेला पट्टा. हेच तत्त्व पुढे मधुमेहींच्या उपयोगी पडले. अशा माणसासाठी पट्टी निवडायचे शास्त्र माझ्या-तुमच्याहून उलटे आहे. आपण 'बरे वाटते का' हे विचारून निवडतो. त्याने आपल्या पायाची साक्ष काढायचीच नाही, कारण साक्षीदार झोपलेला आहे. त्याने डोळ्यांनी आणि हातांनी पारखायचे, आणि तज्ज्ञाकडून माप घ्यायचे. कडक उंचवटे नकोत, टोचणाऱ्या पट्ट्या नकोत, अंगठ्यात अडकवायची वहाण नको. कोल्हापुरीचा मला अभिमान असला तरी बधिर पायाला ती नको. बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवून खडा, खिळा, चुणी पाहावी. नवे पादत्राण तासाभराने काढून लाल डाग दिसतो का ते बघावे. घरातही अनवाणी चालू नये. गरम पाण्याचा किंवा विटेचा शेक घेऊ नये, बर्फही लावू नये. रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. डॉक्टरांकडे एक नायलॉनचा बारीक तंतू असतो. तो टेकवून संवेदना तपासतात. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने ती तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. मी अक्काला पट्टी देण्यापूर्वी ही एक तपासणी झाली असती, तर…

असो. गेल्या भाऊबीजेला मी अक्काकडे गेलो. तिने ओवाळले. मी ताम्हनात पाकीट ठेवले आणि पाटाखालून एक खोके पुढे सरकवले. त्यात तिच्या पायांचे माप घेऊन करवलेल्या एम. सी. आर.च्या चपला होत्या.

"अरे, वहाणा का कुणी ओवाळणीत घालतं?" ती म्हणाली. "भरताने रामाच्या पादुका नेल्या त्या डोक्यावरून. तू तर बहिणीलाच वहाणा दाखवतोयस!"

मला हसू येईना. ते तिने ओळखले. खुर्चीवर बसून तिने चपला पायांत घातल्या, पट्टे लावले, चार पावले टाकली आणि मग वाकून डाव्या पायाची बोटे एकेक करून मोजली. "इथे चार आणि तिथे पाच," ती म्हणाली, "नऊ आहेत अजून. यांची राखण केलीस म्हणजे झालं."

तेव्हापासून रोज रात्री साडेआठला तिचा फोन येतो. बोलणे थोडकेच असते. "पाहिले रे तळवे. ठीक आहेत." मग मी माझ्या सपाता पलंगाशी सरळ करून ठेवतो आणि झोपायला जातो.